बॅकअपचे उरलेले आठ दिवस

तुमच्या लांबलचक पत्राचा मोठा भाग साहेब फोनवर नेमकं काय म्हणाले, यात गेला आहे. मला हवी होती ती गोष्ट शेवटून दुसऱ्या ओळीत सापडली, तीही तुम्ही जाता जाता लिहिलेली: ‘बॅकअप ३० दिवस राहतो, नंतर आपोआप पुसला जातो.’ सगळं प्रकरण या ओळीवर उभं आहे.

अशी पत्रं मला बरीच येतात, म्हणून तपशील थोडक्यात सांगतो. कंपनीचा सर्व्हर तुम्ही सांभाळता. नोकरी सोडलेल्या सहकाऱ्याने थकीत पैशांसाठी वकिलामार्फत नोटीस पाठवली. ती मंगळवारी कंपनीच्या मेलवर आली आणि तिची प्रत तुम्हालाही आली. गुरुवारी साहेबांनी फोनवर ‘जुनी खाती साफ करा’ म्हणून सांगितलं. शुक्रवारी तुम्ही सर्व्हरवरची ११ खाती होम फोल्डरसकट, म्हणजे प्रत्येकाच्या स्वतःच्या फाइलींसकट, उडवली, त्यात त्याचंही होतं. नोटीस उघडलीत ती सोमवारी. कामाच्या नोंदी त्याच फोल्डरमध्ये होत्या, असं तो म्हणतो. ‘आम्ही काही काढायला सांगितलंच नव्हतं,’ असं कंपनी म्हणते. आणि तुम्ही तीन आठवडे गप्प बसलात.

‘परवानगी तोंडी होती, चालेल का?’ हा तुमचा मुख्य प्रश्न. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा संगणक ज्याच्या अखत्यारीत आहे त्याच्या परवानगीशिवाय माहिती पुसली तर भरपाई द्यावी लागते. परवानगी लेखीच हवी, असं तिथे म्हटलेलं नाही. शिवाय सर्व्हर तुमच्याच अखत्यारीत होता, हाही मुद्दा मांडता येईल. तो किती टिकेल, हे तुमचं नेमणूकपत्र पाहिल्याशिवाय सांगणार नाही. कलम ६६ खाली तुरुंगाची भीती आहे, पण त्यासाठी अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू दाखवावा लागतो. एकाच बैठकीत ११ खाती गेली, ही गोष्ट तुमच्या बाजूने बोलते. एकाच माणसावर डोळा ठेवून केलेलं काम असं दिसत नाही.

आता त्या ओळीकडे. पुरावा म्हणून न्यायालयात हजर करावा लागेल असा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद, ती हजर होऊ नये म्हणून नष्ट करणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. शुक्रवारी नोटीस तुम्ही वाचलेली नव्हती. मेल सर्व्हरच्या नोंदींनी ते सिद्ध झालं तर उत्तमच. पण मुळात ती माहिती अजून नष्ट झालेलीच नाही. गुरुवारी रात्रीच्या बॅकअपमध्ये तो फोल्डर जसाच्या तसा असणार. खरा नाश तिसाव्या दिवशी होईल, कोणी बटण न दाबता. त्या दिवशी मात्र ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय तुमच्याकडे उरलेली नसेल. नोटीस वाचून झालेली, मुदत ठाऊक असलेली आणि थांबवण्याचा अधिकार हातात असलेला माणूस स्वस्थ बसला, असंच समोरचा वकील म्हणेल. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

पत्र लिहिलंत तेव्हा आठ दिवस उरले होते. हे वाचेपर्यंत किती उरले, ते तुम्हीच मोजा.

म्हणून आज बॅकअपची आपोआप पुसण्याची सोय बंद करा. रोज फक्त बदल साठवणारा बॅकअप असेल तर ज्या पूर्ण प्रतीवर तो बेतलेला आहे तीही राखा, नाहीतर गुरुवारची प्रत असून नसल्यासारखी. लगेच कंपनीला मेल करा, चार ओळींचा: ‘अमुक तारखेच्या नोटिशीशी संबंधित फोल्डरची प्रत गुरुवारच्या बॅकअपमध्ये आहे. ती अमुक तारखेला आपोआप पुसली जाणार होती. ती पुढील लेखी सूचनेपर्यंत राखून ठेवली आहे. तुमच्या गुरुवारच्या फोनवरील सूचनेनुसार शुक्रवारी ११ खाती काढली होती.’ एवढंच लिहा. माफी, खुलासा, भावना काही नको. शेवटच्या वाक्याला कंपनी काय उत्तर देते, की देतच नाही, ते पुढे कामाला येईल.

आणि ती प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन घरी नेऊ नका. स्वतःच्या बचावासाठी का होईना, परवानगीशिवाय माहितीची नक्कल काढणं हेही त्याच कलम ४३ मध्ये बसतं. पुसणं थांबवणं हे तुमचं रोजचं काम आहे. नक्कल घरी नेणं हे तुमचं काम नाही.

लॉग, म्हणजे सर्व्हर आपोआप लिहून ठेवतो त्या नोंदी, त्याही सांभाळा. सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, दिलेली प्रत्येक आज्ञा वेळेसकट नोंदली जाते, म्हणजे शुक्रवारचा तुमचा साक्षीदार तिथेच आहे. तुम्ही म्हणता ‘लॉग नेहमीच्या सेटिंगवर आहेत’. बऱ्याच लिनक्स सर्व्हरवर नेहमीचं सेटिंग म्हणजे दर आठवड्याला नवी फाइल आणि मागच्या फक्त चार. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. तुमच्याकडे ते पाळलं जात नसेल तर तो वेगळा वाद आहे, पण आजच्या फाइली आज राखा.

तुमच्या पत्रातला एक परिच्छेद वाचून मी चष्मा काढून ठेवला. ‘घोळ नको म्हणून त्याच नावाचं खातं, जुनाच यूझर आयडी देऊन, पुन्हा तयार केलं.’ कशासाठी? यूझरडेल या खातं काढायच्या आज्ञेने होम फोल्डर गेला, तरी सामायिक फोल्डरांमधल्या त्याच्या फाइली तशाच राहिल्या होत्या. त्यांच्यावर मालकाच्या नावाऐवजी नुसता आकडा, म्हणजे त्याचा यूझर आयडी, दिसत होता. त्या आकड्यावरूनच त्याचं काम कोणतं ते वेगळं काढता आलं असतं. तोच आकडा नव्या खात्याला दिल्यामुळे त्या जुन्या फाइली आता या कोऱ्या खात्याच्या मालकीच्या दिसतात. खातं काढणं ही फार तर घाई होती, पण हे लपवाछपवीसारखं दिसतं. आता ते पुन्हा उडवून दुरुस्ती करू नका. लॉगिन बंद करा, खात्याची मुदत संपवा आणि हात लावू नका. नुसता पासवर्ड लॉक केला तर एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) वापरून आत येता येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि कंपनीच्या मेलमध्ये हे वाक्यही घाला: खातं पुन्हा कधी तयार केलं आणि का. दुसऱ्याने शोधून काढण्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं.

बॅकअप पुराव्यात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून काढलेला तिचा बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहावं लागतं आणि तज्ज्ञाचा भाग वेगळा असतो. हॅश काढताना एकटे बसू नका, कंपनीचा एक माणूस शेजारी हवा. ‘प्रमाणपत्राचं नंतर पाहू’ म्हणणाऱ्यांना मी अर्जुन खोतकर यांच्या निवडणुकीच्या खटल्याची आठवण देतो. प्रमाणपत्र आवश्यक आहे की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला निर्णय दिला. वाद २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा होता. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती. न्यायालयाला घाई नसते, तुमच्या बॅकअपच्या स्क्रिप्टला असते.

फाइली त्याच्या की कंपनीच्या, हे त्याच्या करारावर अवलंबून आहे आणि तो वाद तुमचा नाही. कंपनीचा वकील ‘आपण एकत्रच लढू’ म्हणाला, असं लिहिलं आहे. तो कंपनीचा वकील आहे. सहीपूर्वी कोणताही कागद स्वतःच्या वकिलाला दाखवा. त्या सहकाऱ्याला फोन करून समजावायच्या भानगडीत पडू नका.

राहता राहिला राजीनाम्याचा प्रश्न. द्यायचा तर पुढच्या महिन्यात द्या. आज दिलात तर संध्याकाळी तुमचंच खातं बंद होईल आणि ती स्क्रिप्ट थांबवायला तिथे कोणी नसेल.