नागपूरच्या उन्हाळ्यात चार-चारदा साबणाने तोंड धुऊनही चेहरा तेलकट का होतो?
कारण ते तेल बाहेरून येत नाही. त्वचेतल्या तैलग्रंथी सीबम, म्हणजे हेच तेल, तयार करतात. कपाळ, नाक, हनुवटीवर त्या जास्त असतात. त्यांचा वेग मुख्यतः अँड्रोजन (पुरुषी म्हणतात ते, पण मुलींमध्येही असणारे) हार्मोन्स आणि आनुवंशिकता ठरवतात, म्हणून वयात येताना चेहरा एकदम चकाकायला लागतो. त्यात आपला मे महिना! पारा ४५ च्या घरात असताना सीबम पातळ होऊन पसरतं, वरून घाम. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) एक चक्कर मारली तरी पुरे.

साबणाने ग्रंथी थांबत नाहीत, त्वचा मात्र कोरडी पडून चुरचुरते. दोनदा सौम्य फेसवॉश, वर जेलवालं हलकं मॉइश्चरायझर, बस. मुलतानी माती तेल शोषते, पण तेवढ्यापुरतंच. मुलींना सोबत पाळीची अनियमितता आणि हनुवटीवर केस असतील तर डॉक्टरांना दाखवाच, पीसीओएस (हार्मोन्स बिघडून अंडाशयाच्या कामावर परिणाम होणारा त्रास) असू शकतो.