स्ट्राँग गोळी मागणाऱ्या पेशंटला काय द्यायचं?

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत दवाखाना टाकताय, तर रोज ऐकाल, "डॉक्टर, स्ट्राँग गोळी द्या, खाडा परवडत नाही." साध्या सर्दी-खोकल्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहू नका, विषाणूवर हे अँटिबायोटिक चालतच नाही. खोकणाऱ्या मुलाचा शर्ट वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. 2 ते 12 महिन्यांच्या बाळात 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया धरा. रडत असेल तर थांबा, आकडा फुगतो. मुलाच्या पाण्यासारख्या जुलाबाला ओआरएस, आणि झिंक 14 दिवस. अँटिबायोटिक खरंच लागलं तर किंमत आधी बोला; नाहीतर मेडिकलवरून दोनच दिवसांच्या गोळ्या घेतात. जेनेरिक नाव लिहा, जनऔषधीत स्वस्त पडतं. दोन दिवसांनी परत बोलवा, त्या खेपेची फी मात्र घेऊ नका, नाहीतर येणारच नाहीत.