वाचकांचे प्रश्न : शाळेची शेवटची परीक्षा आणि विद्यापीठाचे दार

प्रश्न : युरोपात शाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाले की विद्यापीठात प्रवेश मिळतोच, असे ऐकले आहे. हे सर्व देशांना लागू आहे का? तसे असेल, तर वैद्यकीय शिक्षणासारख्या मागणीच्या अभ्यासक्रमांना जागा कशा पुरतात?

उत्तर : आपण ऐकले त्यात तथ्य आहे, मात्र त्या परीक्षेने मिळतो तो शिकण्याचा अधिकार, हवी ती जागा नव्हे. या दोहोंची गल्लत झाली की बाकीचे गैरसमज आपोआप मागे येतात.

फ्रान्सची ‘बाकालोरेआ’ नेपोलियनच्या काळात, १८०८ साली, सुरू झाली आणि कायद्याच्या दृष्टीने ती आजही विद्यापीठाची पहिली पदवी मानली जाते. वीसपैकी सरासरी दहा गुण मिळवणारा उत्तीर्ण होतो. आठ आणि दहाच्या मध्ये अडकलेल्याला दोन विषयांच्या तोंडी परीक्षेची आणखी एक संधी मिळते. २०२१ पासून एकूण गुणांपैकी ४० टक्के गुण शाळेतील शेवटच्या दोन वर्षांच्या कामगिरीवरून दिले जातात. उत्तीर्ण विद्यार्थ्याला विद्यापीठाने निवडीच्या नावाखाली नाकारू नये, हे तत्त्व तिथे इतके ताणले गेले होते की, जागांपेक्षा अर्ज जास्त आलेल्या काही अभ्यासक्रमांसाठी २०१७ मध्ये चक्क सोडत काढावी लागली. त्यावर बरीच टीका झाली आणि २०१८ मध्ये ‘पार्कूरस्यूप’ ही ऑनलाइन प्रवेशप्रणाली आली. तीत अर्ज मुख्यतः शालेय गुणांवरून पाहिले जातात, त्यामुळे तत्त्वज्ञानाची ती प्रसिद्ध चार तासांची प्रश्नपत्रिका सोडवायला बसण्याआधीच पुष्कळांच्या हाती प्रवेशाचा प्रस्ताव आलेला असतो. परीक्षेचा दबदबा कायम आहे. निवडीतले तिचे वजन मात्र घटले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय असल्यामुळे ‘आबिटूर’ ही परीक्षा प्रत्येक राज्य आपापली घेते. एकूण ९०० गुणांपैकी ६०० गुण शेवटच्या दोन वर्षांच्या शालेय कामगिरीचे आणि ३०० गुण अंतिम परीक्षेचे असतात, आणि त्यावरून १.० ते ४.० अशी श्रेणी ठरते, जिच्यात आकडा जितका लहान तितकी कामगिरी सरस. आबिटूर उत्तीर्ण झालेल्याला कोणताही विषय शिकण्याची पात्रता मिळते आणि अनेक अभ्यासक्रमांना तेवढे पुरतेही. जिथे जागा अपुऱ्या पडतात तिथे ‘नुमेरुस क्लाउसुस’, म्हणजे मर्यादित जागांचा नियम, लागू होतो. त्याचा जो आकडा प्रसिद्ध होतो तो आधी ठरवलेला किमान निकष नसून, त्या वर्षी प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याची श्रेणी असते. म्हणूनच तो दर वर्षी बदलतो. वैद्यकीय शिक्षणासाठी पूर्वी काही जागा प्रतीक्षेच्या काळावर दिल्या जात आणि ही प्रतीक्षा अखेरीस अभ्यासक्रमाच्या मुदतीहूनही लांबली होती. डिसेंबर २०१७ मध्ये संघराज्याच्या घटनात्मक न्यायालयाने ही निवडपद्धत अंशतः घटनाबाह्य ठरवली. २०२० पासून ३० टक्के जागा उत्तम श्रेणीवर, १० टक्के श्रेणीव्यतिरिक्त निकषांवर आणि ६० टक्के विद्यापीठांच्या स्वतःच्या, अनेक निकषांच्या निवडीतून भरल्या जातात.

इंग्लंडची गोष्ट मुळातच निराळी आहे. १९५१ पासून चालत आलेल्या ‘ए-लेव्हल’मध्ये विद्यार्थी साधारणतः तीनच विषय घेतो, आणि प्रत्येक विषयाची श्रेणी स्वतंत्र असल्यामुळे संपूर्ण परीक्षा उत्तीर्ण होणे असा प्रकारच नाही. ‘यूकास’ या संस्थेमार्फत जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रमांना अर्ज करता येतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हींना मात्र एकाच वर्षी सहसा करता येत नाही. विद्यापीठे परीक्षेआधीच ‘अमुक श्रेणी मिळाल्यास प्रवेश’ असे सशर्त प्रस्ताव देतात. ऑगस्टमधील निकालात ती अट पूर्ण झाली नाही, तर उरलेल्या जागांसाठीची ‘क्लिअरिंग’ ही फेरी असते. थोडक्यात, इथे प्रमाणपत्र अधिकार देत नाही. विद्यापीठ निवड करते.

प्रश्न : शालान्त परीक्षाच नाही असा युरोपात एखादा देश आहे का?

उत्तर : आहे. स्वीडनने आपली जुनी ‘स्टूडेंटएक्सामेन’ ही परीक्षा १९६८ मध्ये बंद केली. तिथे उच्च माध्यमिक शाळेतील विषयवार श्रेणींवरून प्रवेश दिला जातो, आणि ज्याला त्यावर समाधान नाही, तो ‘होगस्कूलेप्रूवेट’ ही ऐच्छिक चाचणी देऊ शकतो. जागा अपुऱ्या असल्यास निदान एकतृतीयांश जागा श्रेणींवर आणि निदान एकतृतीयांश या चाचणीवर भरल्या जातात. त्यामुळे शाळेत मागे पडलेल्याला दुसरे दार उघडे राहते. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. शेजारच्या फिनलंडने उलट आपली १८५२ पासूनची परीक्षा जपली. ती वर्षातून दोनदा होते, २०१९ पासून पूर्णतः संगणकावर घेतली जाते, आणि उत्तीर्णांची पांढरी टोपीही टिकून आहे.

प्रश्न : एका देशाचे शालान्त प्रमाणपत्र दुसऱ्या देशात चालते का?

उत्तर : १९९७ च्या लिस्बन करारानुसार, ठळक तफावत दाखवून देता आली नाही तर सहभागी देशांनी एकमेकांची शालान्त पात्रता मान्य करायची असते. मात्र ही मान्यता अर्ज करण्यापुरती आहे. त्या देशाच्या भाषेचे ज्ञान, मर्यादित जागांची स्पर्धा आणि विषयनिहाय अटी यांना सामोरे जावेच लागते.