न्यूयॉर्कची नोकरी, टेक्सासचं घर: आधी हे बघ

न्यूयॉर्कची नोकरी ठेवून टेक्सासला राहायला जायचं म्हणतोयस, तर टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्स (राज्याचा आयकर) नाही हे खरंय, पण म्हणून तुझा टॅक्स झिरो होईल असं धरून चालू नकोस. तुझं ऑफिस न्यूयॉर्कमधे आहे ना, तिथे कन्व्हिनियन्सचा नियम आहे, म्हणजे तू स्वतःच्या सोयीसाठी घरून काम केलंस तर ते दिवस पण न्यूयॉर्कमधलेच मोजतात, आणि टेक्सासला टॅक्सच नाही तर क्रेडिट (एका राज्यात भरलेल्या टॅक्सची दुसऱ्या राज्यात मिळणारी सूट) कुठून मिळणार, सगळं तुझ्याच खिशातून. कंपनीचं ऑस्टिनला ऑफिस असेल तर रीतसर बदली करून घे, लेखी, मॅनेजर तोंडी हो म्हणाला म्हणजे झालं असं नसतं.

पेरोलला, म्हणजे कंपनीत पगार बघतात त्यांना, नवा पत्ता लगेच कळव. शिफ्ट होशील त्या वर्षी न्यूयॉर्कचा आयटी-203 भरायचा, म्हणजे वर्षातला काही काळच तिथे राहिलेल्यांचा टॅक्स रिटर्नचा फॉर्म. आणि न्यूयॉर्कमधलं घर ठेवून वर्षात 183 पेक्षा जास्त दिवस राहिलास तर ते रहिवासीच धरू शकतात, त्यामुळे ये-जा करणार असशील तर तारखा लिहून ठेव, तिकिटं जपून ठेव.

एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असशील तर हे सगळं नंतर, आधी वकिलाशी बोल, कामाचा मेट्रो एरिया (शहर आणि आसपासचा भाग) बदलला की शिफ्ट व्हायच्या आधीच अमेंडमेंट, म्हणजे व्हिसाच्या अर्जात दुरुस्ती, कंपनीला फाइल करावी लागते.