ध्रुवीय डोंगरांचे जुने नकाशे वाचताना

शिखराच्या उंचीवर लगेच विश्वास ठेवू नका. आधी नकाशाचं साल बघा, मग मोजणी कशी झाली ते शोधा. अंटार्क्टिकातलं सर्वांत उंच शिखर माउंट विन्सनच घ्या. ते ज्या रांगेत आहे ती एल्सवर्थ पर्वतरांग १९३५ मध्ये विमानातून दिसली, पण विन्सनवर पाऊल पडायला १९६६ उजाडलं. कितीतरी वर्षं उंची छापली जायची ५१४० मीटर. २००४ च्या जीपीएस मोजणीत भरली ४८९२. जवळपास अडीचशे मीटर हवेतच!

आर्क्टिकात तर अख्खा मुलूखच गायब झालाय. १९०६ मध्ये अमेरिकी ध्रुवसंशोधक पीअरींनी 'क्रॉकर लँड' नावाचा भूभाग दिसल्याचं सांगितलं. १९१४ मध्ये दुसरे अमेरिकी संशोधक मॅकमिलन समुद्रावरच्या बर्फातून तिकडे निघाले, डोंगर त्यांनाही दिसले, पण ते मृगजळ निघालं. म्हणून नकाशावर तुटक रेषेने दाखवलेला किनारा पक्का धरू नका. आणि मोहिमांच्या रोजनिशा आधी वाचा, नेत्यांच्या आठवणी नंतर.