पतंगाची अळी पाण्यात जगू शकते का?

होय, आणि तिचे उदाहरण कोकणातल्या भातखाचरातच सापडते: शेतकरी जिला सुरळीतील अळी म्हणतात, ती पॅरापॉइंक्स स्टॅग्नॅलिस या लहानशा पांढऱ्या पतंगाची अळी होय. भाताबरोबरच पाणथळीतले गवतही खाणारी ही हिरवट अळी पानाचा शेंडा कापून त्याची सुरळी करते, तीत राहून पानाचा हिरवा भाग खरवडून खाते, आणि सुरळीसह पाण्यावर तरंगत दुसऱ्या रोपापर्यंत पोहोचते. तिच्या अंगावर धाग्यांसारखे, फांद्या फुटलेले कल्ले असतात. पतंगांच्या अळ्यांमध्ये ही फारच दुर्मीळ आणि मला विलक्षण वाटणारी गोष्ट आहे. पाण्यावाचून तिचे चालत नसल्यामुळे पिकावरून दोरी ओढून सुरळ्या पाण्यात पाडतात आणि मग खाचरातले पाणी काढून टाकतात.