बावीस छेद सात आणि एक बुटकी टेकडी

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. २०१० सालच्या आयआयटी-जेईईच्या पेपरमधलं एक इंटिग्रल सोडवलं. अंशात क्षचा चौथा घात गुणिले (१ − क्ष)चा चौथा घात, छेदात १ + क्षचा वर्ग, आणि मर्यादा ० ते १. दीड पान भरलं आणि उत्तर २२/७ − पाय आलं. उत्तरसूचीतही तेच आहे. पण क्लासमधले सर वही बघून म्हणाले, "सोडवलंस, पण समजलं का?" उत्तर बरोबर आलं म्हणजे समजलंच ना? आणखी काय समजायचं राहतं? दीड पान सोबत पाठवत आहे.
— एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : तुझं दीड पान मी ओळीने तपासलं. एकही चूक नाही. कंस उलगडलास, छेदाने भागाकार केलास, एकेका पदाचं इंटिग्रेशन केलंस आणि शेवटी १/७ − २/३ + १ − ४/३ + ४ − पाय इथे पोचलास. दोन वजा पदं मिळून −२, पुढचे १ आणि ४ मिळून ५, उरले ३ आणि वरचा १/७. हात स्वच्छ आहे तुझा. असा हात बसायला सराव लागतो, त्याला मी कधीच कमी लेखणार नाही.

तरी सरांचा प्रश्न खरा आहे. नुसतं "समजलं का?" विचारलं की मुलं "हो" म्हणतात आणि गोष्ट तिथेच संपते, म्हणून मी तुला त्याच उदाहरणावर वेगळे प्रश्न विचारते. पेन खाली ठेव. त्या पेपरात चार पर्याय होते : २२/७ − पाय, २/१०५, ०, आणि ७१/१५ वजा दीड पाय. इंटिग्रेशन अजिबात न करता यातला बरोबर कोणता, सांगता येईल?

येतं. ० आणि १ यांच्यामध्ये क्ष धन, १ − क्ष धन, छेद धन. म्हणजे आलेख अक्षाच्या वरच आहे आणि त्याखालचं क्षेत्रफळ ० असूच शकत नाही. एक पर्याय गेला. आता क्ष आणि १ − क्ष यांची बेरीज कायम १. बेरीज ठरलेली असली की गुणाकार सर्वांत मोठा कधी होतो? दोन्ही सारखे असताना. तेवढ्याच कुंपणात जास्तीत जास्त जागा हवी तर चौरस आखायचा, हे तू शाळेतच केलं आहेस. तेव्हा गुणाकार फार तर १/४, त्याचा चौथा घात फार तर १/२५६, आणि छेद १ पेक्षा लहान कधीच नाही. म्हणजे आलेखाची उंची १/२५६ च्या वर जात नाही, रुंदी १ आहे, तर क्षेत्रफळ ०.००४ च्या आतच. २/१०५ म्हणजे साधारण ०.०१९. बाद. ७१/१५ वजा दीड पाय म्हणजे साधारण ०.०२१. तोही बाद. उरला २२/७ − पाय, साधारण ०.००१३.

याला कुणी पर्याय गाळण्याची युक्ती म्हणेल. मला ते पटत नाही. डेफिनिट इंटिग्रल म्हणजे क्षेत्रफळ, हे वाक्य पाठ असणं वेगळं आणि उदाहरण समोर आल्यावर ते क्षेत्रफळ डोळ्यांपुढे उभं राहणं वेगळं. तुझ्या दीड पानात आलेखाची एकही रेघ नाही. सरांना बहुधा तेच खटकलं असावं.

माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगते. एकतीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं. हेच उदाहरण एकदा फळ्यावर दिलं होतं. पहिल्या बाकावरच्या एका हुशार मुलाने पाच-सहा मिनिटांत सोडवलं आणि पाय − २२/७ असं उत्तर वाचून दाखवलं. शेवटी कुठेतरी चिन्हं उलटली होती. मी त्याच्या पायऱ्या शोधायला लागले, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, ते उत्तर ऋण येतंय. आपला आलेख तर सगळा वर आहे." तिचं स्वतःचं उदाहरण अर्धवट होतं, भागाकारात अडकली होती. पण वहीच्या समासात तिने पेन्सिलीने एक टेकडी काढलेली होती : शून्यावर सुरू, एकवर संपलेली, मधे जेमतेम उचललेली. मी त्या मुलीला फळ्याशी बोलावलं आणि टेकडी मोठी करून काढायला सांगितली. मग वर्गाला विचारलं, पाया एक मीटरचा काढला तर शेंडा किती उंच? हिशेब केला तर जेमतेम तीन मिलिमीटर. खडूच्या रेघेची जाडीच तेवढी होते! तो मुलगा पुढे कुठल्याही इंटिग्रेशनला हात घालण्याआधी आलेखाची रेघ काढायचा.

आता दुसरं. तुझा भागाकार अर्धं पान खातो, आणि शेवटी बाकी −४ उरते. ती −४ च का? छेद १ + क्षचा वर्ग आहे. बाकीच हवी असेल तर क्षच्या वर्गाच्या जागी −१ ठेवून बघ. क्षचा चौथा घात होतो १. (१ − क्ष)चा वर्ग म्हणजे १ − २क्ष + क्षचा वर्ग, त्यात १ आणि −१ उडाले, उरलं −२क्ष. त्याचा पुन्हा वर्ग केला की ४ गुणिले क्षचा वर्ग, म्हणजे −४. संपलं. तुझ्या उत्तरातला पाय इथूनच येतो, कारण −४ भागिले (१ + क्षचा वर्ग) याचं इंटिग्रेशन −४ टॅन इन्व्हर्स क्ष, आणि टॅन इन्व्हर्स १ म्हणजे ४५ अंश, म्हणजेच पाय/४. चारातला चार गेला आणि नुसता पाय राहिला.

हे खरंच कळलं का ते स्वतःच तपास. दोन्ही चौथ्या घातांच्या जागी वर्ग घे. मर्यादा त्याच, छेद तोच. सोडवण्याआधी सांग, उत्तरात पाय येईल का? क्षच्या वर्गाचे झाले −१, (१ − क्ष)च्या वर्गाचे −२क्ष, गुणाकार २क्ष. बाकीत क्ष आला, म्हणजे टॅन इन्व्हर्स नाही, लॉग येणार. उत्तर येतं लॉग २ − २/३ (लॉग नैसर्गिक). आणि टेकडी इथेही अक्षाच्या वरच आहे, म्हणून लॉग २ हा २/३ पेक्षा मोठा, हे तू कॅल्क्युलेटर न उघडता सिद्ध करून बसलास.

तिसरं मला सर्वांत जवळचं. तू उत्तर लिहिलंस, खाली दोन रेघा मारल्यास आणि पुढच्या उदाहरणाकडे गेलास. पण ते उत्तर काय सांगतंय? शाळेत वर्तुळाच्या प्रत्येक गणितापुढे कंसात लिहिलेलं असायचं, "पाय = २२/७ घ्या". तो "घ्या" आज नीट वाच. पाय म्हणजे २२/७ नव्हे, हिशेबापुरता तो २२/७ घ्यायचा. दोन्हींत फरक किती आणि कुठल्या बाजूला, याचं उत्तर तुझ्या दीड पानात आहे. फरक म्हणजे त्या बुटक्या टेकडीचं क्षेत्रफळ. ते धन आहे, म्हणून २२/७ हा पायपेक्षा मोठा. आर्किमिडीजने ९६ बाजूंचे बहुभुज घेऊन, एक वर्तुळाच्या आत आणि एक बाहेर, हेच दाखवलं होतं : पाय हा २२३/७१ पेक्षा मोठा आणि २२/७ पेक्षा लहान.

अजून एक पाऊल पुढे जाता येतं. छेद १ आणि २ यांच्यामध्येच फिरतो. छेद काढून टाकला तर नुसत्या अंशाचं इंटिग्रेशन १/५ − ४/६ + ६/७ − ४/८ + १/९, म्हणजे १/६३०. तेव्हा खरं क्षेत्रफळ १/१२६० आणि १/६३० यांच्यामध्ये. २२/७ मधून हे दोन्ही वजा करून बघ : पाय ३.१४१२ पेक्षा मोठा आणि ३.१४२१ पेक्षा लहान. ३.१४ हे दोन दशांश तू स्वतःच्या हाताने पक्के केलेस.

डी. पी. डॅलझेल यांनी १९४४ साली हे इंटिग्रल छापलं. १९६८ साली अमेरिका-कॅनडातल्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या पटनम स्पर्धेत ते पहिलाच प्रश्न म्हणून आलं. तिथे उत्तर आधीच दिलेलं होतं, फक्त "सिद्ध करा" म्हटलं होतं. जेईईने चार पर्याय दिले. मी पेपर काढला असता तर पर्याय ठेवले असते आणि खाली एक ओळ वाढवली असती : "इंटिग्रेशन न करता उरलेले तीन पर्याय का चूक, ते लिहा." तू हे उत्तर एका कागदावर लिहून सरांना दाखव. आणि टेकडी काढ.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. अडलं की उदाहरणाचा फोटो काढून फोनवरच्या अ‍ॅपला देते, पायऱ्यांसकट उत्तर येतं, ते वहीत उतरवते. आम्हा दोघांनाही कॅल्क्युलस येत नाही. तिला समजतंय की नाही, हे आम्ही कसं ओळखावं?
— एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, तुम्हाला कॅल्क्युलस येत नाही ही यात अडचण नाही, उलट सोयच आहे. रात्रीची जेवणं झाली की तिच्या वहीतलं एक उदाहरण निवडा, वही मिटा आणि कोऱ्या कागदावर विचारा, "हे उत्तर साधारण किती मोठं असायला हवं होतं? एकापेक्षा जास्त की कमी? धन की ऋण?" आणि मग, "यातला हा आकडा बदलला तर काय बदलेल?" वरच्या उत्तरात चाराऐवजी दोन घेतल्यावर पाय जाऊन लॉग आला, तसं. तुम्हाला उत्तर कळणार नाही, पण ती सांगताना कुठे अडखळते आणि कुठे पेन्सिल उचलून आकृती काढायला लागते, ते आईला नक्की दिसेल.

फोन काढून घेऊ नका. फक्त क्रम बदला. आधी तिने अंदाज कागदावर लिहायचा, मग अ‍ॅप उघडायचं. अंदाज चुकला तर पायऱ्या उतरवायच्या आधी तो का चुकला ते शोधायचं. आठवड्याला अशी दोन उदाहरणं झाली तरी पुष्कळ.

प्रश्न : चाळीस वर्षं पत्र्याचं काम केलं. कोठ्या, पिंपं, पाण्याच्या टाक्या. घेर काढायला आमच्या वडिलांनी शिकवलेला बावीस छेद सातच वापरला. नातू इंजिनीअरिंगला आहे, तो म्हणतो, "आजोबा, ते चूक आहे, ३.१४ घ्या." आम्ही इतकी वर्षं चूक करत होतो का?
— एक कारागीर, इचलकरंजी

उत्तर : नाही, काका. एक मीटर व्यासाची कोठी घ्या. खरा घेर ३१४१.५९ मिलिमीटर. बावीस छेद सातने येतो ३१४२.८६, म्हणजे सव्वा मिलिमीटर जास्त. नातवाच्या ३.१४ ने येतो ३१४०, म्हणजे दीड मिलिमीटरहून जरा अधिक कमी. तुमचा आकडा खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५० साल) घेर काढायचे दोन नियम एकाच श्लोकात आहेत. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागा, हा सूक्ष्म. २२ ने गुणून ७ ने भागा, हा स्थूल, पण "व्यवहारयोग्य". तुमच्या वडिलांनी शिकवला तो हा दुसरा. सूक्ष्म नियमाने तुमच्या कोठीच्या घेरात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकीही चूक राहत नाही, पण तेवढं अचूक कापणारी कात्री कुणाकडे असते?

नातवाला एवढं मात्र जरूर सांगा. बार्शीच्या मुलाला दिलेलं वरचं उत्तर त्याला वाचायला द्या. २२/७ वजा पाय म्हणजे एका टेकडीचं क्षेत्रफळ, आणि ते धन आहे, म्हणून बावीस छेद सात नेहमी जरासा जास्तच भरतो, कमी कधीच नाही. पत्रा सव्वा मिलिमीटर जास्त आला तर तो जोडात जातो. दीड मिलिमीटर कमी पडला तर काय होतं, ते तुम्हीच त्याला पत्रा हातात घेऊन दाखवा.